दुसरी सही

माझ्या सख्ख्या मामांच्या कामावर मी टॉर्च मारला, एवढाच माझा गुन्हा. त्यासाठी तीन दिवस धावपट्टीवरच्या झाडून सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली होती. मारला टॉर्च, काय करायचंय ते करा, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणते. पण पुढे माझं नाक कसं कापलं गेलं तेही सांगणार आहे, नाहीतर म्हणाल, बाई स्वतःपुरतं गोड सांगतेय.

आधी आमचा धंदा समजून घ्या. आम्ही छोटी खासगी विमानं दुरुस्त करतो. दोन माणसांची, चार माणसांची, डॉक्टर-वकील लोक हौसेने बाळगतात तसली. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची मोठी शेड आहे, तिला हँगर म्हणायचं. मामा तिथले मुख्य मेकॅनिक. त्यांना मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच मामा म्हणतात, पण माझे ते खरेखुरे मामा, आईचे थोरले भाऊ. पाना कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलं मला. एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. असा दुसरा हँगर आमच्या घरापासून दिवसभराच्या वाटेवर आहे. म्हणजे इथलं काम गेलं तर घर सोडा, नाहीतर धंदा सोडा.

आमच्यात एक नियम आहे. ज्या वस्तूंवर विमान वळतं, चढतं, उतरतं, त्यांना हात लावला की कागदावर दोन सह्या हव्यात. पहिली काम करणाऱ्याची. दुसरी दुसऱ्या मेकॅनिकची, आणि त्याने ते काम पहिल्यापासून नव्या नजरेने तपासायचं. दुसऱ्या सहीच्या वर ठळक छापलेलं असतं, ‘मी स्वतः पाहिले.’ छापणाऱ्याचं काय जातं. आमच्याकडची रीत अशी की मामांनी केलेल्या कामाकडे बघायचं नाही. ते ‘झालं’ म्हणाले की पेन काढायचं. मामासुद्धा माझ्या कामावर तशीच सही ठोकत. याला आमच्याकडे विश्वास म्हणत. मीही म्हणत होते, माझ्या तोंडाला काही कुलूप नव्हतं.

गेल्या वर्षाअखेर माझा गुडघा सुजला आणि मी पंधरा दिवस घरी बसले. त्यात एका विमानाच्या सुकाणूची केबल मामांनी बदलली आणि कागद सहीसाठी घरी पाठवला. मी कांदे बाजूला सारले, हात पुसले आणि सही केली. माझा नवरा बस चालवतो. तो समोर बसून चहा पीत होता. त्याने कागद उलटा-सुलटा करून वाचला आणि अगदी गरीब चेहरा करून मला विचारलं, “इथून दिसतं का गं?”

मी म्हटलं, मामांचं काम आहे ते. तो म्हणाला, असेल, पण पाहिलं कुणी? गॅरेजवाला माझा सख्खा साडू आहे, तरी बस काढताना रोज सकाळी ब्रेक मी माझ्या पायाने दाबून बघतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसचं आणि विमानाचं सारखं असतं का, तुला काय कळतंय त्यातलं, असं बरंच काही बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो कप धुवायला घेऊन गेला. पण ते ‘इथून दिसतं का’ काही माझ्या डोक्यातून जाईना. चार दिवसांनी, लंगडत का होईना, हँगरला गेले ते कानाला खडा लावूनच गेले. बघितल्याशिवाय सही करायची नाही. कुणाच्याही कामावर.

आणि पहिलं काम आलं ते नेमकं मामांचं.

दातांचे एक डॉक्टर आहेत, वय साठीच्या पुढे, तोंडाने गोड. त्यांचं चार सीटचं पांढरं विमान वर्षाच्या तपासणीला आलं. दर महिन्याला ते आणि त्यांची बायको त्यातून मुलीकडे जातात. सोमवारी मी केबलींवरून फडकं फिरवत होते. ही जुनी युक्ती आहे, केबलीतली एखादी बारीक तार तुटली असेल तर ती फडक्याला धरते. शेपटीकडच्या केबलीला फडकं अडकलं. पंखाकडच्या केबलीलाही अडकलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्याच नव्या घाला, पण शनिवारी दुपारी मला निघायचंय. मामांनी शेपटीचं काम स्वतःकडे घेतलं, कारण ते स्टुलावर बसून होतं आणि त्यांचा खांदा आता वर जात नाही. पंखांचं काम, म्हणजे जमिनीवर उताणं पडून करायचं, ते माझ्याकडे आलं.

बुधवारी संध्याकाळी मामांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि हात धुवायला वळले. मी पेन काढलं नाही. टॉर्च काढला. शेपटीची झाकणं पुन्हा उघडली, आत डोकं घातलं आणि एकेक पुली, एकेक पिन, एकेक ताण बघत बसले. मामा हात पुसत परत आले, तेव्हा माझे फक्त पाय बाहेर होते.

आधी त्यांना वाटलं, काही पडलं की काय आत. मी म्हटलं, नाही, तपासतेय. पेट्रोलवाला, म्हणजे विमानांत इंधन भरणारा माणूस, तिथेच उभा होता. हा माणूस कुठे काही शिजत असलं की वास काढत येतो. त्याच्यादेखत मी पाऊण तास आत होते. बाहेर आले, सगळं चोख होतं, बोट ठेवायला जागा नव्हती. मी सही केली. मामांनी कागद उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चाळीस वर्षांत माझ्या कामावर कुणी टॉर्च मारला नव्हता. घरच्याच माणसाने मारला, बरं झालं.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या धावपट्टीला ठाऊक. पेट्रोलवाल्याने माझं नाव ‘टॉर्चबाई’ ठेवलं. डबा खायला बसले की कुणीतरी म्हणायचं, जरा पोळीवर टॉर्च मारून घ्या, कच्ची असेल. आईचा फोन आला. माझ्या भावाने तुला अन्नाला लावलं आणि तू त्याची लाज काढलीस, असं म्हणून ती रडली. मी तिला विचारलं, अगं, बघितलं यात लाज कसली? ती म्हणाली, तुझ्या स्वयंपाकात मी मीठ तपासलं तर तुला चालेल का? मी म्हटलं, माझ्या मिठाने माणूस मरत नाही. तिने फोन ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला.

मामा तर माझ्याशी बोलायचेच बंद झाले. काम सांगायचं असलं की पेट्रोलवाल्याला सांगायचे, तिला म्हणावं अमुक कर. मी तीन हातांवर उभी असायची. मलाही मग हट्ट चढला. म्हटलं, नका बोलू. चूक तुमची आणि फुरंगटलात तुम्हीच, वा रे न्याय. मी काही माफी मागणार नव्हते. गुरुवार-शुक्रवार मी दात-ओठ खात काम केलं, आणि इथेच माशी शिंकली.

ती कशी, ते सांगते. पंखाच्या मागच्या कडेला एक हलती फळी असते, एक डाव्या पंखाला, एक उजव्या. वैमानिकाने समोरचं, मोटारीच्या स्टिअरिंगसारखं चाक डावीकडे फिरवलं की डावी फळी वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडे झुकतं. चाकामागे एक साखळी असते आणि तिच्या दोन टोकांना त्या दोन फळ्यांच्या केबली जोडलेल्या असतात. मामांचा पहिल्या दिवसापासूनचा धडा असा, की एक केबल काढायची, तिच्या जागी नवी घालायची, मगच दुसरीला हात लावायचा. दोन्ही एकदम कधी काढायच्या नाहीत. मी दोन्ही एकदम काढल्या. वेळ वाचत होता, आणि जितक्या लवकर त्या हँगरमधून बाहेर पडता येईल तितकं मला हवं होतं. सुजलेला गुडघा सांभाळत चाकाखाली उताणी सरकले, डोकं पुढे, पाय मागे, आणि डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे जोडून मोकळी झाले. जोड सैल होऊ नयेत म्हणून त्यांवर कुलूप-तार घातली, ताण मोजला, झाकणं लावली.

शनिवारी सकाळी पेट्रोलवाल्याला आत बसवलं आणि मी विमानाच्या नाकासमोर उभी राहिले. म्हटलं, चाक डावीकडे फिरव. माझ्या डाव्या हाताची फळी वर गेली. उजवीकडे फिरव म्हटलं. माझ्या उजव्या हाताची वर गेली. लोण्यासारखं फिरत होतं, कुठे घासत नव्हतं, अडत नव्हतं. मी पहिली सही केली. काम उत्तम झालंय याची मला इतकी खात्री होती की मामांनी भिंग घेऊन बघावं, असंच मला वाटत होतं.

दुपारी अडीच वाजता डॉक्टर आणि त्यांची बायको आले. दोन बॅगा, एक थर्मास. बाईंनी नातवासाठी विणलेला स्वेटर मला दाखवला. मामा कागद घेऊन आले. विमानाजवळ आले, पण विमानाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कागद पंखावर ठेवला, पेन काढलं आणि डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “मी काही तपासणार नाही. माझा माझ्या माणसांवर विश्वास आहे.”

बघा हं. म्हणजे तीन दिवसांचं व्याज त्यांनी एका वाक्यात वसूल केलं. पेट्रोलवाला हसला. डॉक्टरही हसले, त्यांना वाटलं कौतुक चाललंय. पेनाचं टोक कागदाला टेकणार, एवढ्यात मी तो कागद खालून ओढून घेतला. घडी केली आणि कामाच्या कपड्यांच्या आतल्या खिशात घातली.

मामांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. कागद दे म्हणाले. मी म्हटलं, आधी बघा. ते म्हणाले, मला गरज नाही. मी म्हटलं, गरज तुमची नाही, या दोघांची आहे. ते म्हणाले, चारचौघांत तमाशा करू नकोस. मी म्हटलं, तमाशा तुम्ही मांडलात, मी फक्त तिकीट काढून बसणार आहे. आणि खरोखरच पंखावर चढले, दार उघडलं आणि वैमानिकाच्या सीटवर जाऊन बसले. हट्ट म्हणा, अक्कल गहाण टाकली म्हणा. पण मला आतून लागलं होतं. मला विश्वास नको होता त्यांचा. एकोणीस वर्षं तोच मिळाला होता. माझ्या कामाकडे त्यांनी एकदा डोळे उघडून बघावं, एवढंच मागत होते मी.

मामा पंखाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “खाली उतर. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस.”

हे काम गेलं तर नवऱ्याची बस, घर, आई, सगळं सोडून जावं लागणार होतं, ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मामा उगाच धमकी देणाऱ्यातले नाहीत. बोलले की बोलले.

मी म्हटलं, “सोमवारचं सोमवारी. आज बघा.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. त्यांची बायको थर्मास छातीशी धरून उभी होती. तीच मध्ये बोलली, म्हणाली, अहो मामा, बघून टाका ना एकदा, हिच्या समाधानासाठी. बाईमाणसाचं मन मोडवेना म्हणून असेल किंवा मला एकदाचं तोंडावर पाडावं म्हणून असेल, मामा पाय आपटत विमानाच्या मागे गेले आणि डाव्या पंखाच्या मागच्या कडेला उभे राहिले. तिथून ओरडले, फिरव चाक डावीकडे.

मी फिरवलं. मी फळीकडे बघितलंच नाही. मान वळवून मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता तरी कबूल करा म्हणून. मामा म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा फिरवलं. उजवीकडे, म्हणाले. उजवीकडे फिरवलं. पुन्हा डावीकडे, म्हणाले, आणि यावेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो कुठे गेला म्हणून मला भीती वाटली.

“तशीच धरून ठेव,” मामा म्हणाले. “आणि आता इकडे बघ.”

चाक माझ्या हातात पूर्ण डावीकडे होतं. डावी फळी खाली लोंबत होती. उजवी वर होती.

काय सांगू. विमानाच्या नाकाकडे डोकं करून उताण्या पडलेल्या माणसाचा डावा हात विमानाच्या उजवीकडे असतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल, आणि मी माझ्या डाव्या हाताला डावं समजून दोन्ही केबली उलट्या जोडून बसले होते. वर सकाळी नाकासमोर उभी राहून तीच चूक दुसऱ्यांदा केली होती. विमानाकडे तोंड करून उभं राहिलं की माझी डावी बाजू ही त्याची उजवी. चुकीला चुकीने तपासलं आणि ते बरोबर जुळलं. डॉक्टर उडाले असते, जमीन सुटताच वाऱ्याने पंख जरा कलला असता, त्यांनी तो सावरायला चाक फिरवलं असतं आणि पंख आणखी कलला असता. आणखी फिरवलं असतं, आणखी कलला असता. वीस-पंचवीस फुटांवर विचार करायला कुणाला वेळ असतो? थर्मास, स्वेटर, बॅगा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

मामा पंखावर चढून उघड्या दाराशी आले. त्यांनी डॉक्टरांकडे पाठ केली आणि कुजबुजले, की उतर, एक पिन राहिलीय म्हणून सांगतो, तासाभरात आपण दोघं बदलू, कुणाला कळायची गरज नाही. माझा हात त्यांनी चाकावरून हलकेच सोडवला. तीन दिवस बोलले नव्हते, आणि आता बघा, मला पदराखाली घेत होते. मला रडू फुटायचंच बाकी होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत मी हँगरभर टॉर्च घेऊन फिरत होते, आणि स्वतःच्या डोळ्यात हे एवढं मुसळ. लपवावं असं वाटलं का? वाटलं. पेट्रोलवाल्याचं तोंड दिसत होतं मला. उद्या तो काय काय नावं ठेवेल, सगळी ऐकू येत होती.

पण मग तीन दिवस मी भांडले कशासाठी?

मी पंखावर उभी राहिले आणि डॉक्टरांना म्हटलं, “केबली उलट्या जोडल्या गेल्यात. मी जोडल्या. आज विमान जाणार नाही.”

डॉक्टरांना आधी कळेचना. मग मी त्यांना सीटवर बसवलं, चाक त्यांच्याच हाताने फिरवायला लावलं आणि दाखवलं. ते स्वतः उडवणारे, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बाहेर आले ते पांढरेफटक पडूनच. गोड माणसाचा राग वाईट असतो. मी तिथे नसल्यासारखे मामांकडे वळून म्हणाले, या बाईंचा हात पुन्हा माझ्या विमानाला लागता कामा नये. तुम्ही करा सगळं. माझा तुमच्यावर विश्वास आहे.

मी खाली मान घातली नाही. घालणार नव्हते. तशीच पंखावर उभी राहिले.

मामांनी खिशातून पेन काढलं. टोपण अजून उघडंच होतं त्याचं. ते डॉक्टरांसमोर धरलं.

“चूक हिने केली,” मामा म्हणाले. “पण तुम्हाला मारत होतो मी. हे पेन कागदाला टेकणारच होतं. हिने कागद ओढला नसता तर तुम्ही दोघं आत्ता धावपट्टीच्या त्या टोकाला असता, आणि माझ्या विश्वासाने मेला असता.”

पेट्रोलवाला जमिनीकडे बघत होता. मामांनी पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला, ते दोनदा बाजूला गेलं, मग त्यांनी पेन आणि टोपण वेगवेगळंच खिशात टाकलं. म्हणाले, आता या विमानाच्या केबली हीच लावणार. तुम्हाला नको असेल तर विमान ओढून दुसरीकडे न्या. डॉक्टर तणतणत निघून गेले. त्यांची बायको मात्र माझ्याजवळ थांबली. तिने थर्मास उघडून मला चहा दिला, आणि डावी फळी नक्की कधी वर जायला हवी ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. मग ती दोघं बसने मुलीकडे गेली.

मी पुन्हा चाकाखाली सरकले. एक केबल काढली, लावली. मग दुसरी काढली, लावली. मामा पंखाजवळ स्टूल टाकून बसले होते, मदत करत नव्हते. झालं म्हटलं, तर त्यांनी माझा टॉर्च मागून घेतला. पुढचा दीड तास काय विचारता. झाकण उघड, हे झाकण उघड, इथे उजेड धर, हा ताण पुन्हा मोज. एका कुलूप-तारेचं टोक वळवलेलं त्यांना आवडलं नाही, म्हणाले, पुसणाऱ्याचं बोट कापेल, काढ आणि नवी घाल. गुडघा ठणकत होता, पोटात चहाशिवाय काही नव्हतं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मामा, त्या तारेत काही वाईट नाही, चाळीस वर्षं तुम्ही स्वतः अशीच वळवताय. ते म्हणाले, असेन वळवत, मला कुणी सांगितलं नाही.

मी तार काढली आणि नवी घातली. मग त्यांनी मला आत बसवलं, स्वतः मागे उभे राहिले, चाक फिरवायला लावलं, आणि मग मला मागे उभं करून स्वतः आत बसले. डावीकडे म्हटलं की डावी वर. उजवीकडे म्हटलं की उजवी वर. माझ्या खिशातला चुरगळलेला कागद त्यांनी पंखावर सरळ केला. माझी सकाळची सही आडवी रेघ मारून रद्द केली, खाली नवी करायला लावली. कामाच्या वहीत मी लिहिलं, पंखाच्या केबली उलट जोडल्या गेल्या होत्या, दुसऱ्या तपासणीत सापडल्या. कुणी जोडल्या तेही लिहिलं, पूर्ण नाव. मामा म्हणाले, नाव लिहिलं नसतंस तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला चाललं नसतं.

बाहेर ऊन कललं होतं. मी हत्यारं पुसून पेटीत ठेवत होते. मामांनी सही केली नव्हती अजून, कागद हातात धरून ते शेपटीकडे बघत उभे होते.

“सोमवारी लवकर ये,” ते म्हणाले. “शेपटीची झाकणं उघडायचीत.”

मी म्हटलं, ते काम मी बघितलंय, मामा. पाऊण तास बघितलंय. चोख आहे.

“तेव्हा तू माझ्यावर चिडून बघत होतीस,” मामा म्हणाले. “आता नीट बघ.”